‘माझी आगबोट’ : धुराच्या बोटींची लाडकी आठवण आणि तिच्यातली एक मोकळी जागा

धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

मी मूळची राळेगणसिद्धीची. पारनेर तालुका, पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. आमच्याकडे पाण्याचा इतिहास म्हणजे बांध, पाझर तलाव, आटलेल्या विहिरी आणि टँकर यांचा इतिहास. बोटीचे आमच्या पंचक्रोशीत कुणाला काही काम नव्हते. तरीही माझ्या लहानपणी आमच्या ओट्यावर सर्वांत जास्त गोष्टी रंगत त्या बोटीच्या. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, पन्नासच्या दशकाच्या आरंभी मुंबईत गिरणीत लागले. लालबागच्या ज्या खोलीत ते राहिले तिथले बाकीचे गडी कोकणातले होते. शिमगा जवळ आला की आबा त्यांच्या ट्रंका डोक्यावर घेऊन धक्क्यावर पोचवायला जात. स्वतः आबा त्या बोटीत कधी बसले नाहीत. पण भोंगा कसा वाजे, शिडी कशी ओढून घेत, धुराचा लोट कुठल्या बाजूला वळला की कोळशाची काजळी पांढऱ्या टोपीवर कशी येऊन बसे, हे ते असे सांगत की ऐकणाऱ्याला मळमळायला लागावे.

इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंधिकेसाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी ही आगबोटच घेतली. वाचत गेले तसतसे लक्षात आले की आबांच्या गोष्टी खऱ्या होत्या, तपशीलही बहुतेक बरोबर होते. मात्र त्यांत एक तारीख नव्हती, आणि ती नसणे अपघाताने झालेले नव्हते. त्या तारखेकडे येईनच. आधी बोटीकडे जाऊ.

‘आगबोट’ हा शब्द पाहा. आग अधिक बोट. अर्धा शब्द घरचा, अर्धा बाहेरचा. ‘आगगाडी’ हा त्याचाच भाऊ, आणि आपल्याकडे धाकटा भाऊ. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १८५३ साली धावली. मुंबईच्या गोदीत वाफेची बोट त्याआधी दोन तपे तरंगली होती. वाडिया घराण्यातील जहाजबांधणाऱ्यांच्या हाताखाली १८२९ साली ‘ह्यू लिंडसे’ ही बोट बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझच्या दिशेने निघाली. तिची मोठी अडचण कोळसा ही होती. एडनपर्यंत पुरेल इतका कोळसा तिच्या कोठारात मावत नव्हता, म्हणून डेकवर आणि माणसांच्या खोल्यांतही तो भरला. अकरा दिवसांनी एडन गाठले तेव्हा जेमतेम काही तासांचे इंधन उरले होते.

या प्रसंगातून वाफेच्या पहिल्या काळाचे गणित नीट समजते. लांबच्या समुद्रावर वाफेचे यंत्र स्वतःचेच ओझे वाहून थकत असे. पण जिथे सकाळी निघून दुपारी परत यायचे आणि संध्याकाळी पुन्हा कोळसा भरता येतो, तिथे त्याच्यासारखे दुसरे वाहन नव्हते. म्हणजे बंदरातली ने-आण. मुंबई ते मोरा, मुंबई ते करंजा, रेवस, धरमतर. खाडीच्या तोंडाशी शिडाचे गलबत वाऱ्याची वाट पाहत तासन्‌तास पडून राही. आगबोट वाऱ्याला विचारत नसे. भरती-ओहोटीला मात्र तिलाही विचारावेच लागे, कारण धरमतरच्या खाडीत पाणी उतरले की बोटीच्या तळाला चिखल लागे. त्यामुळे खाडीवरच्या धक्क्यांवर घड्याळापेक्षा तिथीला मान अधिक होता.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, यंत्राची थोडी फोड करते. आपल्याकडे अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब असे. मध्ये निखाऱ्यांची नळी आणि भोवती पाणी. बोटीचा बॉयलर म्हणजे तत्त्वतः असाच बंब, फक्त घरापेक्षा उंच, पोलादी आणि तोंड बंद केलेला. कोंडलेली वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते, दट्ट्या दांडा फिरवतो आणि दांडा पंखा. आरंभीच्या बोटींना दोन्ही बाजूंना मोठी चाके असत, पुढे पाण्याखालचा पंखा आला. आग पेटवल्याबरोबर बोट निघत नाही; आधी कित्येक तास पाणी तापवावे लागते. सकाळी सहाच्या बोटीसाठी मध्यरात्रीच भट्टीपुढे माणूस उभा असे.

त्या माणसाला ‘आगवाला’ म्हणत. बोटीवरची ही परिभाषा मोठी गोड आहे : सारंग, तांडेल, सुकाणी, मालम, खलाशी. फारसी, अरबी, पोर्तुगीज, मराठी सगळे एकाच दोरखंडात वळलेले. प्रवाशांच्या आठवणींत सारंग येतो, तांडेल येतो, चहा विकणारा पोऱ्या येतो. आगवाला जवळजवळ कधीच येत नाही. तो खाली असे, दिसत नसे. डेकवरच्या माणसाला त्याचा धूर तेवढा दिसायचा.

मुंबईत या बोटी निघत त्या भाऊच्या धक्क्यावरून. हा ‘भाऊ’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातील लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. सरकारी कागदांत धक्क्याचे नाव फेरी व्हार्फ आहे. लोकांनी ते मनावर घेतले नाही, हे बरेच झाले.

आता बोटींच्या मालकांकडे वळू, कारण ‘माझी’ हा शब्द तिथून आला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावर शेफर्ड कंपनीच्या बोटींचा दबदबा होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ही त्याच परंपरेतली. या बोटींचे दोन प्रकार वाचकाने मनात वेगळे ठेवावेत. एक बंदरातल्या, ज्यांचा उल्लेख वर केला. दुसऱ्या लांब पल्ल्याच्या, ‘कोकण लाईन’च्या : हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि पुढे पणजी. पावसाळा तोंडावर आला की दुसऱ्या प्रकारच्या बोटी बंद होत आणि समुद्र निवळल्यावर पुन्हा सुरू होत. बंदरातल्या बोटी मात्र पावसातही चालत. हा फरक पुढे कामाला येईल.

कोकण लाईनचे महत्त्व आकड्यात सांगायचे तर १९११ च्या जनगणनेतील एक गोष्ट पुरे : मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही होता. या जिल्ह्याला रेल्वे नव्हती, घाटातून धड रस्ता नव्हता. मग ही माणसे आली कशी? बहुतेक जण डेकवर बसून, एका वळकटीवर, नारळाच्या पोत्यांना टेकून. गिरणगाव उभे राहिले त्याचे श्रेय आपण कापूस, भांडवल आणि रेल्वे यांना देतो. डेकचे तिकीट त्या यादीत कुणी घालत नाही.

आबांचे खोलीतले सोबती बोटीबद्दल जे सांगत ते याच लाईनचे. आगबोट धक्क्याला लागते असे बहुतेक बंदरांत होतच नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि किनाऱ्यावरून पडाव येई. भर रात्री, कंदिलाच्या उजेडात, खालीवर होणाऱ्या पडावात उडी टाकायची. लाट वर आली की म्हाताऱ्यांना खलाशी अलगद उचलून घेत, लाट खाली गेली की थांबत. पोरे, कोंबड्या, ट्रंका, फणस, कधी नवरी. बोट लागलेली माणसे लिंबू हुंगत पडलेली. ‘बोट लागणे’ म्हणजे ती किनाऱ्याला लागणे नव्हे, पोटात ढवळणे. आज आमच्याकडच्या मुलांना घाटात ‘गाडी लागते’. मला दाट शंका आहे की तो वाक्प्रचार बोटीतूनच गाडीत चढला असावा.

मे महिन्यात याच बोटींनी हापूसच्या पेट्या मुंबईला येत. आबा म्हणायचे की त्या दिवसांत बोट दिसायच्या आधी तिचा वास यायचा. हे शब्दशः खरे असणे अवघड आहे. पण मी ते खोडून काढणार नाही.

स्वदेशी चळवळीच्या काळात या किनाऱ्यावर एक भारतीय कंपनी उतरली : इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. एवढे लांब नाव कोण घेणार? कोकणात ती ‘माझी आगबोट कंपनी’ झाली. बोटींना नावे दिली ती तुकाराम, रामदास, जयंती. ख्रिस्ती प्रवाशांसाठी सेंट झेवियर, सेंट अँथनी. व्यापाराच्या दृष्टीने ही हुशारी होती हे उघड आहे. तुकारामाच्या नावाची बोट समोर उभी असताना साहेबाच्या बोटीत बसणे वारकऱ्याला जड जाणार. पण नुसती हुशारी असती तर ‘माझी’ हा शब्द टिकला नसता.

हे एकट्या कोकणात घडत नव्हते. बंगालमध्ये रवींद्रनाथांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी १८८४ साली ‘सरोजिनी’ नावाची आगबोट नदीवर आणली. विलायती कंपनीशी भाडे उतरवण्याची अशी चढाओढ लागली की उतारू फुकट प्रवास करू लागले आणि वर त्यांना फराळही मिळू लागला. ज्योतिरिंद्रनाथ बुडाले, पाण्यात नव्हे, कर्जात. तमिळ किनाऱ्यावर व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ साली तुतिकोरीन–कोलंबो मार्गासाठी स्वदेशी कंपनी काढली. तिथेही ब्रिटिश कंपनीने भाडे शून्यापर्यंत आणले आणि प्रवाशांना छत्र्या वाटल्या. १९०८ मध्ये पिल्लै तुरुंगात गेले आणि कंपनी मोडली. आगबोटीच्या तिकिटावर राजकारण छापलेले असे, ते असे.

आपल्या किनाऱ्यावरचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बोटीचा प्रवास याच काळातला आहे. मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद बोलावली. मुंबईहून महाडचा नेहमीचा रस्ता म्हणजे धरमतरपर्यंत बोट आणि पुढे मोटार. पण मोटारमालकांनी बहिष्कार घातला तर? म्हणून २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि सुमारे दोनशे प्रतिनिधी ‘पद्मावती’ या आगबोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. दासगाव बंदरापासून महाड पाचच मैल. कुणी गाडी नाकारली तरी पायी जाता येते. त्याच दिवशी, २५ डिसेंबरला, परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले.

वाहन कसे निवडले जाते याचा विचार करताना मला हे उदाहरण सतत आठवते. मोटारचा मालक माणसाला ‘उतर’ म्हणू शकत होता. आगबोटीचे तिकीट एकदा हातात पडले की मधल्या समुद्रात कोण उतरवणार?

याच प्रवासाची आणखी एक बाजू मला कागदांवरच्या तारखा शेजारी ठेवल्यावर दिसली. ११ नोव्हेंबर १९२७. या एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी वादळी समुद्रात बुडाल्या. त्यानंतर सहा आठवड्यांनी हे दोनशे लोक आगबोटीत चढले. ती बातमी त्यांतल्या बहुतेकांनी ऐकली असणारच. तरीही चढले, कारण जमिनीवरचा धोका त्यांना अधिक ओळखीचा होता.

इथून धाग्याचा रंग बदलतो.

या किनाऱ्यावरच्या आगबोटींचा इतिहास बुडण्यानेही मोजता येतो. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईला निघालेली शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक माणसे होती. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून गुजरातीत तिला ‘वीजळी’ म्हणत. मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेली मुले तिच्यात होती. चौकशीत आढळले की जीवरक्षक होड्या आणि पट्टे पुरेसे नव्हते. गुजराती लोकगीतांनी मात्र वीजळीला विसरू दिले नाही.

आणि मग आमच्याकडची तारीख : गुरुवार, १७ जुलै १९४७.

त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ अमावास्या तोंडावर आलेली. गटारीला घरी पोचण्यासाठी अलिबाग-पेण भागातल्या चाकरमान्यांनी बोट गच्च भरली होती. सातशेच्या आसपास, कदाचित अधिकच. बोट जुनाट नव्हती. १९३६ साली इंग्लंडात स्वॉन हंटरच्या कारखान्यात बांधलेली. ‘टायटॅनिक’च्या बचावलेल्या प्रवाशांना उचलणारी ‘कार्पेथिया’ही त्याच कारखान्याची. अंतर म्हणाल तर दीड तासाचे. कोकण लाईन पावसाळ्यासाठी बंद होती, पण ही बंदरातली फेरी. हिला कुणी ‘समुद्रप्रवास’ म्हणतच नसे.

वाटेत वारा आणि पाऊस वाढला. काशाच्या खडकाजवळ बोटीत पाणी येऊ लागले, तसे लोक घाबरून एका बाजूला धावले.

इथे क्षणभर थांबून बोट का उलटते ते सांगते. खाली बॉयलर, यंत्र, कोळसा असे जड सामान असते म्हणून बोट उभी राहते. डेकवर माणसे जितकी अधिक, तितका भार वर सरकतो. कळशीवर कळशी ठेवून चालणाऱ्या बाईला हे सांगावे लागत नाही. ती सरळ चालते तोवर सर्व ठीक. वरची कळशी एका अंगाला कलली की खालची सावरत नाही. शेकडो माणसे एकदम उजवीकडून डावीकडे गेली तर डेकवरचे अनेक टन वजन काही सेकंदांत हलते. त्याच वेळी लाट आली की बोटीला परत सरळ होण्याची संधी मिळत नाही.

‘रामदास’ला ती मिळाली नाही. सहाशेहून अधिक माणसे गेली. नेमका आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा सापडतो. मुलांपैकी कितींची तिकिटे काढली होती, शेवटच्या क्षणी किती जण चढले, हे कुठल्या वहीत असणार?

बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबईला कळायला दिवस कलावा लागला. पोहून वाचलेल्यांनीच बातमी आणली. धक्क्यावर जी मंडळी सकाळी निरोप द्यायला आली होती ती तोपर्यंत आपापल्या पाळीला गेली होती. वाचलेल्यांपैकी अनेकांना वाचवले ते कोळ्यांनी. मुंबईच्या बाजाराकडे निघालेल्या मचव्यांनी आपली मासळी समुद्रात ओतून दिली आणि त्या जागी माणसे भरली, असे रेवसच्या बाजूला अजून सांगितले जाते. एका दिवसाची मासळी म्हणजे काय, हे ज्याच्या घरात पगार येतो त्याला चटकन समजत नाही.

एकोणतीस दिवसांनी १५ ऑगस्ट होता.

मला वाटते, ‘रामदास’ महाराष्ट्राच्या स्मरणातून गळाली त्याचे मोठे कारण हेच. जुलै-ऑगस्ट १९४७ ची वृत्तपत्रे डोळ्यांपुढे आणा : फाळणी, संस्थाने, सीमारेषा, निर्वासित, ध्वज. त्या गर्दीत रेवसच्या फेरीबोटीतली सहाशे माणसे कुठे मावणार? वीजळीला गीते मिळाली, ‘टायटॅनिक’ला चित्रपट मिळाले. ‘रामदास’ला मिळाला तो अधूनमधून येणारा स्मरणलेख. माझ्या शालेय पाठ्यपुस्तकांत १९४७ वर जी पाने होती त्यांत तिचे नाव आल्याचे मला आठवत नाही.

पण वृत्तपत्रांचे स्मरण वेगळे आणि लालबागच्या खोलीचे वेगळे. ज्या माणसांनी आबांना बोटीचा वास, भोंगा, पडाव, नवरी, कोंबड्या असे सर्व सांगितले, त्यांना ‘रामदास’ माहीत नव्हती हे अशक्य आहे. घटनेला चारच वर्षे झाली होती. त्यांच्यापैकी कुणाचे ना कुणाचे ओळखीचे माणूस त्या बोटीत असणार. तरीही आबांपर्यंत ते नाव कधी आले नाही. किंवा आले आणि आबांनी ते ओट्यावर आणले नाही.

यावर मी आजीला विचारले. ती फार विचार न करता म्हणाली, खोलीतला एक जण आषाढात धक्क्याकडे फिरकत नसे, एवढे आबा बोलल्याचे तिला आठवते. कारण आबांनी विचारले नव्हते. विचारायचे नसते, असे तिने वर सांगितले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे मोठे कोडे पडते. आपण स्मृतिरंजनाला हसतो. ‘जुने ते सोने’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना अविश्वसनीय साक्षीदार ठरवतो. मी आधी तेच केले होते. प्रबंधिकेच्या पहिल्या खर्ड्यात मी ऐटीत लिहिले होते की आगबोटीच्या गोड आठवणी म्हणजे मध्यमवर्गाने मागाहून चढवलेला मुलामा. मग लक्षात आले की मी ज्यांच्याकडून ऐकत होते ते मध्यमवर्ग नव्हतेच. ते डेकवरचे उतारू होते. बोट गच्च भरते हे त्यांना माहीत होते, ती बुडते हेही माहीत होते. आणि दर शिमग्याला ते तिच्यातच चढत होते, कारण आईकडे जायला दुसरी वाट नव्हती. ज्या गोष्टीवाचून चालत नाही तिच्याविषयी भीतीने बोलून कसे चालेल? तिच्याविषयी मायेने बोलावे लागते. खर्ड्यातले ते वाक्य मी काढून टाकले.

‘माझी आगबोट’ या नावाकडे मी आता थोडे वेगळ्या नजरेने पाहते. ‘माझी’ म्हणजे भागधारक म्हणून माझी नव्हे. तिच्या नफ्यात यांचा वाटा नव्हता. जिच्या बुडण्यात आपलेच घर बुडते ती माझी.

या बोटींचा शेवट कसा झाला हे सांगितले पाहिजे, आणि त्यात आमच्या जिल्ह्याचा थोडा हात आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. आबा मुंबईला आले ते याच रस्त्याने. त्यांचे कोकणी सोबती तेव्हा त्यांना चिडवत : तुझी धुळीची गाडी, आमची धुराची बोट. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत घाट फोडले गेले, खाड्यांवर पूल झाले, आणि त्याच एसटीने कोकणातल्या वाडीवाडीपर्यंत जाऊन बोटीचे उतारू एकेक करून उचलले. एसटी दारात सोडते. बोट बंदरात सोडते आणि पुढे चार कोस चालायला लावते. शिवाय बारमाही. वाफेच्या जागी डिझेल आले, कंपन्या बदलल्या, ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ अशा नव्या बोटी काही काळ धावल्या, आणि ऐंशीच्या दशकात कोकण लाईन संपली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ मध्ये.

बंदरातली फेरी मात्र मेली नाही. रेवसची लाँच आजही भाऊच्या धक्क्यावरून सुटते. मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी मोठी बोट २०२० पासून आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला. जवळपास बावीस किलोमीटर, आणि ज्या पाण्यावर एकेकाळी उलवे-उरणच्या बोटी भरतीची वाट पाहत त्यावरून गाडी वीसेक मिनिटांत जाते.

एक योगायोग मला सोडवत नाही. स्कॉटलंडमध्ये ‘वेव्हर्ली’ नावाची चाकांची आगबोट आहे. डंकर्कला बुडालेल्या त्याच नावाच्या बोटीच्या जागी ती बांधली गेली आणि तिची पहिली फेरी झाली जून १९४७ मध्ये, ‘रामदास’ बुडण्याच्या एक महिना आधी. १९७४ साली कंपनीने ती जुन्या बोटी जपणाऱ्या एका संस्थेला एका पौंडाला विकली. ती अजून वाफेवर चालते, लोक तिकीट काढून बसतात आणि खाली उतरून यंत्र पाहतात. आगवाल्याची जागाही दिसते म्हणे. आपल्याकडे आठवणी आहेत, आणि त्या सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

मागच्या डिसेंबरात मी रेवसच्या लाँचमध्ये बसले. आमच्या घरातली या पाण्यावर जाणारी मी पहिलीच. डिझेलचा वास होता, धूर फारसा नव्हता, भोंगा अगदीच किरकोळ. शेजारी मासळीची रिकामी टोपली घेऊन एक कोळीण बसली होती. काशाचा खडक कुठे, असे मी विचारल्यावर तिने हाताने दिशा दाखवली. मग माझ्याकडे नीट पाहून तिने विचारले, ‘तुमचं कोणी होतं का?’

नाही, असे मी सांगितले. आमच्याकडे समुद्र नाही, हेही सांगितले.

ही फेरीची किंवा कोकण लाईनची बोट ज्यांनी पाहिली, अशी ऐंशीपुढची माणसे कुणाच्या घरात असतील तर त्यांना बंदराचे नाव, बोटीचे नाव आणि साल तेवढे विचारून ठेवा. तिकीट, ट्रंकेवरचा नाव रंगवलेला पत्रा, पडावातला फोटो असे काही असेल तर त्याचे छायाचित्र या धाग्याखाली टाका. भट्टीपुढे उभे राहिलेल्या एखाद्या आगवाल्याचे घर कुणाला ठाऊक असेल तर मला आवर्जून कळवा. त्यांच्यापैकी एकाचीही आठवण मला अजून मिळालेली नाही.